एकशे अठरा नंबरची गोदाबाई

गोदाक्काच्या डोक्याला कावळा शिवला तो मंगळवार होता, आणि राणोजीच्या मते चूक सगळी कावळ्याची नव्हती. गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाच्या कुरडया, वाळत घातलेले, अक्का राखणीला बसलेली. पहिली काठी तिनंच फेकली. ती त्याला लागली नाही एवढंच. मग तो शांतपणे उतरला, दोन्ही पाय तिच्या अंबाड्यावर टेकवले आणि निघून गेला.

दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. तशी गोदाक्काही काही भित्री बाई नव्हे. अडुसष्ट वर्षांची, आवडी नावाच्या गावी सरकारी कपडा फॅक्टरीत चौतीस वर्षं जवानांचे गणवेश शिवलेली. एकदा मशीनची सुई बोटातून आरपार गेली तर आधी शिवण पुरी करून मग हिनं पट्टी मागितली होती. पण कावळ्यापुढं तिचं काही चालेना. कावळा डोक्याला शिवला म्हणजे वरून बोलावणं आलं. त्याला उपाय एकच. जवळच्या कोणाला तरी निरोप धाडायचा, की हे माणूस गेलं. त्यानं ते ऐकून चार टिपं गाळायची, खरीखुरी. मग सांगायचं, अरे नाही, आहे, जिवंत आहे. टिपं पडली की मरण तेवढ्यावर भागवून परत जातं. तंजावरकडच्या मराठी घरांत हे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं, आणि कधी कुठं अडलं नव्हतं.

अडलं ते राणोजीपाशी.

राणोजी तिचा शेंडेफळ भाऊ, बावन्न वर्षांचा, आईमागं तिनंच वाढवलेला. लोकांना गंडवणं हा त्याचा धंदा नव्हता, पण धंद्यापेक्षा जास्त लक्ष तो त्यात घालायचा. तंजावरच्या राजवाड्यातली एकेक खोली सरकार मराठी कुटुंबांना परत देतंय, आधारची झेरॉक्स घेऊन या, असं त्यानं घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, तेव्हा सतरा घरं वाड्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली होती. लग्न झालं नाही ते ह्याच गुणामुळं. मुलगी बघायला गेला तिथं स्वतःच मुलाचा काका म्हणून बसला आणि मुलाची निंदा करून आला.

आता अशा माणसानं ग्रुपवर लिहिलं, ‘गोदाक्का गेली.’ पाच मिनिटांत तेवीस जणांनी हसरे चेहरे पाठवले. सिरुसेरीच्या आयटी कंपनीतल्या भाच्यानं विचारलं, जेवणाचा मेनू काय आहे. राणोजीनं मग तंजावरला सईबाईला फोन लावला. ही चुलत बहीण कांदा दुसऱ्यानं चिरला तरी रडणारी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “राण्या, मागच्या वर्षी मी तुमच्याकडं आले तेव्हा तू मी मेले म्हणून कळवलं होतंस. माझी सून रडत आवडीपर्यंत येऊन गेली.” आणि फोन ठेवला.

अख्ख्या घराण्यात रडायला एक माणूस मिळेना.

दुसऱ्या दिवशी गोदाक्कानं कपाट उघडून साड्यांचे गठ्ठे केले, कोणती कोणाला द्यायची त्याच्या चिठ्ठ्या लावल्या. चौथ्या दिवशी जेवण अर्ध्यावर आलं. महिन्याभरात ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागला. डॉक्टरनं रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, काही सापडलं नाही. राणोजीला कळत होतं काय झालंय ते. आपल्या बहिणीला आपल्याच चेष्टा खातायत, आणि तिनं तसं एकदाही बोलून दाखवलं नाही, हे तर त्याहून वाईट.

तेव्हा त्याच्या डोक्यात दगड आला.

राणोजी कामाला होता तो ग्रॅनाइटच्या यार्डात, आवडीच्या पुढं तिरुवळ्ळूर रस्त्यावर. आपल्याकडचा काळा दगड परदेशात थडग्यांवर जातो, हे पुष्कळांना माहीत नसतं. इथं कापायचा, आरशासारखा घासायचा, वर रबराचा पत्रा चिकटवून त्यात अक्षरं कापायची आणि जोरात वाळू मारायची. वाळू जिथं लागते तिथं दगड पांढुरका होतो. अक्षरं कापायचं काम राणोजीचं. चोवीस वर्षांत त्यानं कितीतरी देशांतली माणसं पुरली होती. नवीन सुपरवायझर यायचा होता तेव्हा त्याच्या नावाचा दगड करून गेटवर उभा केला होता, मृत्यू सोमवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे रुजू व्हायच्या वेळी. सुपरवायझर मंगळवारी आला.

त्या महिन्यात यार्डात मोठी ऑर्डर चालू होती. युरोपात डोंगरातलं एक लहान शहर, नाव ब्रेझोवा. तीसेक वर्षांपूर्वीच्या लढाईत त्याला अकरा महिने वेढा पडला होता. आत अडकले ते शिपाई नव्हते, साधी माणसं. कोणी पाण्याच्या रांगेत मेलं, कोणी पावाच्या. ज्याला जिथं जमलं तिथं पुरलं होतं, बागेत, शाळेमागं. आता त्या सगळ्यांना एका जागी आणून स्मारकाची दफनभूमी होणार होती. दोनशे चौदा दगड, एका मापाचे, एका घडणीचे. नाव, जन्मसाल, आणि खाली सगळ्यांना तेच मृत्यूचं साल, १९९३.

एकशे अठरा नंबरच्या दगडाच्या खालच्या कोपऱ्याचा घासताना टवका उडाला होता. तो बाद करून त्या नंबरचा दुसरा दगड कापला. बाद झालेला कोरा पडून होता. राणोजीनं जेवणाच्या सुट्टीत तो घेतला, साचा तोच ठेवला, आणि अक्षरं कापली, GODA BAI. जन्म १९५७. मृत्यूचं साल बदललंच नाही. वर त्याला ते फारच आवडलं. घरी येऊन त्यानं अक्काला फोटो दाखवला आणि समजावलं, की तुझी फाइल बत्तीस वर्षांपूर्वीच बंद झालीय. आता बोलावणं घेऊन जो येईल तो दगड बघून परत जाईल, म्हणेल, हिचं काम आधीच झालंय.

गोदाक्कानं चष्मा लावून फोटो पाहिला.

“मग एवढी वर्षं फॅक्टरीत शिवत कोण होतं रे?” तिनं विचारलं.

“आणि पेन्शन कोण खातंय?” राणोजी म्हणाला.

अक्का हसली. महिन्यात पहिल्यांदा. त्या दिवशी तिनं दोन वाट्या सांबारभात खाल्ला, साड्यांच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. रडलं कोणी नाही, पण दगड आहे, असं म्हणून तिनं आपल्या मनाची समजूत घातली. राणोजी खूश. दगड त्यानं शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवला आणि विसरून गेला.

चार महिन्यांनी मालकानं त्याला ऑफिसात बोलावलं.

मालक व्यंकटेश, वयानं चाळिशीतला, राणोजीला अण्णा म्हणायचा. शेजारी रम्या बसलेली. परदेशाशी पत्रव्यवहार सगळा ती करायची. तिच्या पडद्यावर एक फोटो होता. हिरवा उतार, त्यावर काळ्या दगडांच्या रांगा, मागं बर्फाचे डोंगर. राणोजीला आपलं काम बघून बरं वाटलं. मग रम्यानं फोटो मोठा केला. रांगेतल्या एका दगडापाशी एक म्हातारी गुडघ्यावर बसलेली. डोक्याला रुमाल, हातात पिवळी फुलं. दगडावर लिहिलेलं, GODA BAI.

राणोजीला आधी हसूच आलं. चोवीस वर्षांत एवढी मोठी चेष्टा कधी जमली नव्हती. दात दिसायच्या बेतात होते, तेवढ्यात रम्या पत्र वाचायला लागली.

पत्र स्मारकाच्या समितीचं होतं, फार सभ्य. त्यांनी लिहिलं होतं, की एकशे अठरा क्रमांकावरचं नाव आमच्या यादीत नाही. पण तुम्ही ते कुठून तरी घेतलं असणार. म्हणून आम्ही तीन आठवडे शोधतोय. इस्पितळाची रजिस्टरं पाहिली, चर्चची, मशिदीची पाहिली. नाव परदेशी वाटतं, म्हणून जुन्या हॉटेलचं पुस्तकही काढलं. गावातले एक म्हातारे शिक्षक म्हणतात की त्यांना अंधूक आठवतं, वेढ्यात एक सावळी बाई होती, अंगावर शाल, पाण्याच्या रांगेत उभी असायची. आम्हांला लाज वाटते की इतकी वर्षं तिची कोणी नोंद घेतली नाही. तिच्या नातेवाइकांचा पत्ता तुमच्याकडे असेल तर कृपया कळवा.

व्यंकटेशनं राणोजीकडं बघितलं. राणोजीनं पंख्याकडं.

“पुढं आहे अजून,” रम्या म्हणाली.

पुढं होतं ते असं. एकशे अठरावी जागा खरं तर एका मुलीची. यान्या, वय सात. फोटोत आहे ती तिची आई, वेस्ना. उद्घाटनाच्या दिवशी ती आली तर लेकीच्या जागी दुसरंच नाव. समितीनं लगेच दगड काढायचं ठरवलं. आईनंच अडवलं. ती म्हणाली, माझ्या मुलीसाठी रडायला मी आहे. हिच्यासाठी इथं कोणीच आलेलं नाही. हिची माणसं सापडेपर्यंत राहू दे. आणि तेव्हापासून दर रविवारी ती ह्या दगडापाशी येते, फुलं ठेवते आणि रडते.

जी चार टिपं राणोजीनं सगळ्या घराण्यात मागितली आणि कोणी दिली नाहीत, ती सात हजार किलोमीटरवर एक बाई दर रविवारी गाळत होती. तीही आपल्या लेकीच्या जागेवर बसून.

झालं कसं, ते उलगडायला दोन मिनिटं लागली. पेट्या भरणारे दगडाची पुढची बाजू बघतच नाहीत. तिला फोम चिकटवलेला असतो. ते बघतात पाठीवरचा क्रेयॉनचा नंबर. बाद दगडाच्या पाठीवर एकशे अठरा तसाच होता. राणोजीनं तो पुसला नव्हता. एका नंबरचे दोन दगड. हाताशी आला तो पेटीत गेला, मोजणी दोनशे चौदा बरोबर भरली, पेट्या बंदरात.

“मग दुसरा कुठाय?” व्यंकटेशनं विचारलं.

राणोजी उत्तर न देता उठला. त्याला माहीत होतं कुठाय. शेडच्या मागं, कडुलिंबाखाली, दोन लाकडी ठोकळ्यांवर कोणीतरी एक दगड पालथा टाकला होता, आणि चार महिने सगळे जण त्याचं टेबल करून जेवत होते. सगळ्यांत आधी राणोजी. सावलीची बाजू त्याची. दगडावर जुना पेपर पसरलेला, त्यावर रसमचे गोल डाग. त्यानं पेपर ओढला. खाली पिवळा क्रेयॉन, पुसट, तेलकट, पण वाचता येत होता.

यार्डातल्या दोघा कामगारांना हाक मारून त्यानं दगड सुलटा केला. फोम निघाला तशी अक्षरं वर आली, स्वच्छ, जणू कालच वाळू मारलेली. ती त्यानंच कापली होती. कापताना त्यात त्याला फक्त उंची आणि अंतर दिसलं होतं. आता पहिल्यांदा त्यानं दोन सालांची वजाबाकी केली. सात. ह्या सातावर डबा ठेवून तो चार महिने जेवला होता, आणि शेजारच्याच्या डब्यातलं अंडं पळवून वर हसला होता.

त्या दिवशी त्यानं डबा उघडला नाही.

व्यंकटेशनं तोवर उत्तर ठरवलं होतं. लिहायचं, की तुम्ही पाठवलेल्या यादीत ते नाव होतं, आमच्याकडं आलं तसं आम्ही कापलं, सद्भावना म्हणून एकशे अठराचा दगड फुकट पाठवतो. तो वाईट माणूस नव्हता. यार्डात चाळीस जणांच्या चुली होत्या, आणि मेलेल्यांच्या दगडावर इथं चेष्टा चालते असं एकदा पसरलं तर पुढची ऑर्डर कोण देणार. त्यानं राणोजीला एवढंच सांगितलं, अण्णा, आता तरी तोंड बंद ठेवा.

राणोजीनं मान डोलावली. खोटं बोलायचं म्हणजे त्याच्या घरचं काम. पण घरी जायला आवडीकडच्या गाडीत बसल्यावर त्याला दिसायला लागलं पुढं काय होणार ते. ते लोक यादी पुन्हा तपासणार. चूक आपलीच, असं समजून अजून तीन आठवडे शोधणार, मग तीन वर्षं. त्या शिक्षकाला शालीचा रंगही आठवणार. आणि ती बाई नव्या दगडाशेजारी जुनाही ठेवून घेणार, दोघींसाठी रडणार.

आणि खरं सांगून टाकलं, तर ते अक्कालाही कळणार. कोणीतरी रडलं, हे ऐकून ती सुटेल. पण कोणाच्या जागेवर बसून रडलं, हे ऐकून? तिनं पुन्हा ताट सारलं तर ह्या वेळी तिला उठवायला त्याच्याकडं काही नव्हतं. राणोजी दोन दिवस गप्प, म्हणून गोदाक्कानं कपाळाला हात लावून ताप बघितला. ताप नव्हता. मग तिनं त्याला समोर बसवलं आणि तो बोलला, सगळं, अंड्यासकट.

गोदाक्का भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी तिनं एकच विचारलं, की त्या बाईला कोणी सांगितलं का, मी जिवंत आहे म्हणून. राणोजी म्हणाला, नाही.

“म्हणजे अर्ध्यावरच सोडलंस,” अक्का म्हणाली. “रडून झालं की सांगायचं असतं रे. न सांगता ठेवलं तर तो उपाय नाही. तिच्या रडण्याची चोरी आहे ती.”

“सांगितलं आणि तुला काही झालं तर?”

“अडुसष्ट झाली मला. ती पोर सात वर्षांची होती.” ती उठली. “फोन लाव. मीच बोलते.”

राणोजीनं मालकाला आधी सांगितलं. व्यंकटेश चिडला, मग बसला, मग कंटाळून म्हणाला, तुमचं खरं कोण मानणार आहे अण्णा, मी चोवीस वर्षांत मानलं नाही. ते बरोबरच होतं. राणोजीच्या शब्दाला किंमत नव्हती. पुरावा एकच, तो घरी वडाम तळत होता.

रविवारी दुपारी रम्या लॅपटॉप घेऊन आवडीला आली. पलीकडं सकाळ होती. पडद्यावर समितीची एक तरुण मुलगी, इंग्रजी बोलणारी, आणि तिच्या शेजारी वेस्ना, तोच रुमाल बांधलेली. सुरुवात राणोजीनं केली. त्यानं काही सजवलं नाही. कावळा सांगितला, फोन सांगितले, दगड सांगितला. रम्या इंग्रजीत करायची, ती मुलगी त्यांच्या भाषेत. मध्ये ती मुलगी थांबली, रम्याला म्हणाली, पुन्हा सांगा, मला नीट कळलं नसेल. रम्यानं पुन्हा सांगितलं. मुलीचा चेहरा आधी लाल, मग पांढरा झाला, पण तिनं प्रत्येक शब्द पोचवला. मग गोदाक्का पडद्यासमोर येऊन बसली आणि तमिळमध्ये म्हणाली, की ती गोदाबाई मी.

वेस्ना हलली नाही. इतका वेळ, की रम्यानं इंटरनेट तपासलं.

मग ती काहीतरी म्हणाली. रम्यानं सांगितलं, त्या म्हणतात, उभ्या राहा.

गोदाक्का उभी राहिली.

“त्या म्हणतात, चालून दाखवा.”

अक्का दारापर्यंत चालत गेली, वळली, परत आली. गुडघा दुखायचा म्हणून जरा डावीकडं कलून. वेस्नानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. हातांमागून ती सावकाश बोलली, आणि पलीकडच्या मुलीला ते इंग्रजीत करायला दोनदा थांबावं लागलं.

“त्या म्हणतात, दोनशे चौदा माणसं आहेत तिथं. त्यातलं एक उठून चालताना मी बघितलं. आता मला घरी जाऊन बसू द्या, आज मला दुसरं काही सांगू नका.”

राणोजी पुढं सरकला. माफी मागायची होती, वाक्य त्यानं रात्रभर घोटून ठेवलं होतं. वेस्नानं त्याच्याकडं बघितलं आणि दोन शब्द बोलली. त्या मुलीनं त्यांचं इंग्रजी केलं नाही. केलं असतं तरी रम्यानं पुढं सांगितलं नसतं.

नंतरचा सगळा व्यवहार गोदाक्काशी झाला. यान्याच्या दगडाला राणोजीला शिवू द्यायचं नाही, असं समितीनं लिहिलं. यार्डातल्या गजेंद्रनं तो धुतला, तेलाचे डाग काढले, पेटीत घातला. राणोजी लांब उभा राहून बघत होता. व्यंकटेशची पुढची ऑर्डर गेली ती गेलीच. त्यानं राणोजीला काढलं नाही, पण अण्णा म्हणायचं सोडलं.

दगड उभा करायच्या दिवशी वेस्नानं गोदाक्काला फोनवर हजर राहायला सांगितलं, फक्त तिला. अक्कानं अंघोळ करून धुवट साडी नेसली, टेबलावर डब्याला टेकवून फोन उभा केला. तिकडं सगळे उभे होते म्हणून तीही उभी राहिली. राणोजीला कोणी बोलावलं नव्हतं. तो स्वयंपाकघराच्या दाराआड, फोनला दिसणार नाही असा थांबला. तोही उभाच होता.

जुना दगड निघताना लोखंडाचा आवाज आला. मग नवा बसला. कोणीतरी लांबलचक काही वाचलं. मग शांतता, वाऱ्याचा आवाज. आणि मग वेस्नानं लेकीचं नाव घेतलं. वाचलं नाही. संध्याकाळी अंगणात खेळणाऱ्या पोरीला जेवायला बोलवावं तशी हाक मारली, शेवटचं अक्षर ओढून, जरा रागानं.

राणोजीनं ते नाव वाळूनं दगडात उतरवलं होतं, चार महिने त्यावर जेवला होता, पण ऐकलं कधीच नव्हतं. वेस्नानं पुन्हा हाक मारली. गोदाक्का फोनसमोर ताठ उभी होती आणि तिचे डोळे कोरडे होते. राणोजीनं तोंडावर पंजा दाबून धरला. त्याच्या तोंडून रडण्याचा आवाज निघत होता, आणि आज त्या घरात तो आवाज कोणाला खरा वाटला नसता.